अकरा जणांनी बसवलेला ब्रेक

पाक दार्सोनोंच्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक गुरुवारी सकाळी किंचाळला. त्या आवाजाने सगळ्यात आधी घाबरले ते खुद्द पाक दार्सोनो. कोंबड्या त्यांच्यानंतर घाबरल्या.

एरवी या माणसाचा आणि आवाजाचा संबंध कमीच. बत्तीस वर्षं त्यांनी जिल्हा वाचनालयात काढली, आणि तिथे खोकला आला तर ते जिना उतरून अंगणात जाऊन खोकत. निवृत्त झाल्यावर ते बायकोच्या गावी, जावातल्या लावू डोंगराच्या अंगावरच्या गोंदोसारी वाडीत राहायला आले. हवा थंड, माणसं मऊ बोलणारी, मोठ्या माणसाला ‘पाक’ आणि मोठ्या बाईला ‘बू’ म्हटल्याशिवाय हाक न मारणारी, भाजी दारात. एकच गोष्ट त्यांना आधी कोणी नीट सांगितली नव्हती, ती म्हणजे रस्ता. वाडीतून खाली करांगपांदानच्या बाजाराला जायचं तर नऊ किलोमीटर उतार आणि त्यात सात वळणं. रस्त्याच्या एका अंगाला गाजरांचे वाफे आणि दुसऱ्या अंगाला काही नाही.

हे ‘काही नाही’ पाक दार्सोनोंच्या स्वप्नात येत असे.

त्यांनी टॉर्च लावून चाकात डोकावून पाहिलं. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जे दोन पॅड असतात, ते झिजून वाचनालयाच्या कार्डाएवढे उरले होते. मागचा ब्रेक होता म्हणा. पण तो गेली चार वर्षं फक्त मत द्यायचा, निर्णय घ्यायचा नाही.

“अहो, सेनोकडे न्या गाडी,” त्यांची बायको बू सुलास्त्री स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“सेनोचं गॅरेज खाली आहे.”

“मग खाली न्या.”

“खाली न्यायला ब्रेक लागतो.”

बू सुलास्त्रींनी यावर थोडा विचार केला आणि त्या म्हणाल्या, फोन करा. फोन केला. सेनो म्हणाला, “घेऊन या की, पाक, पाच मिनिटांचं काम आहे.” ब्रेक नाही म्हणून येता येत नाही, असं सांगितल्यावर तो म्हणाला, “मग हळू या.” वाडीत वरच्या अंगाला आणखी एक मेकॅनिक होता, पण तो बहिणीकडे सुमात्राला गेला होता आणि भात कापून झाल्याशिवाय परतणार नव्हता.

आता कोणी म्हणेल, एवढी घाई काय होती. घाई होती ती रविवारची. खाली करांगपांदानला बू सुलास्त्रींच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, आणि रविवारी दहा वाजता नवरीचं न्हाण होतं. आईबापांनी पाणी घातलं की पुढचं पाणी थोरल्या मावशीचं. थोरली मावशी पोचली नाही तर नवरीने ओल्या अंगाने फुलांच्या पाण्याच्या घंगाळाशेजारी थांबायचं, आणि पुढची तीस वर्षं त्या घरात जे काही बिघडेल त्याचं खापर मावशीवर फुटायचं. रविवारी पहिली मिनीबस अकराशिवाय येत नाही. पाक तार्जोंची भाजीची पिकअप पहाटेच जाते, आणि ठेवणीतला कबाया, म्हणजे समारंभाचा जाळीदार पोलका, घालून गाजरांवर बसायला बू सुलास्त्रींनी नकार दिला होता. राहिली मोटारसायकल. तिच्या मागच्या सीटवर, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, बू सुलास्त्री बसणार होत्या. पाय ज्या बाजूला टाकायची त्यांची सवय होती, ती नेमकी ‘काही नाही’ची बाजू.

हे चित्र पाक दार्सोनोंच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिथून हललंच नाही.

तेवढ्यात कुंपणावरून बू यात्मी डोकावल्या. बू यात्मी शेजारी राहतात, आणि कुंपणाची त्यांची बाजू त्यांच्या कोपरांनी गुळगुळीत झाली आहे. “सेनो कशाला पाहिजे? पाक दार्सोनो स्वतःच बसवतील की. एवढी पुस्तकं वाचलीत.”

“यांना?” बू सुलास्त्री हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. “परवा यांनी गॅसचा सिलिंडर लावला, तेव्हा मी मुलीला फोन करून आधी सगळी ख्यालीखुशाली विचारून घेतली.”

“मीच बसवणार आहे,” पाक दार्सोनो म्हणाले.

हे वाक्य कोण बोललं म्हणून त्यांनी स्वतःच इकडेतिकडे पाहिलं. पण अंगणात दुसरा पुरुष नव्हता.

वाचनालयातून रद्द झालेलं, मुखपृष्ठ गेलेलं दुरुस्तीचं एक पुस्तक त्यांच्याकडे होतं. ब्रेकचं प्रकरण सात पानांचं. ते त्यांनी गुरुवारी दोनदा आणि शुक्रवारी चारदा वाचलं. प्रत्येक वाचनाला भीती वाढत गेली, कारण पुस्तक लिहिणारा फार शांत माणूस होता. पहिल्याच पानावर त्याने लिहिलं होतं : ‘काम सोपे आहे, चूक झाल्यास अपघात संभवतो.’ हा ‘संभवतो’ पाक दार्सोनोंना भयंकर वाटला. ‘होतो’ म्हटलं असतं तर माणूस मनाची तयारी तरी करतो. पुढे एका पानावर लाल चौकट होती : ‘पॅडच्या घासणाऱ्या बाजूस तेल अथवा ग्रीस लागू देऊ नये. लागल्यास ब्रेक धरणार नाही.’ या वाक्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली. मग पुस्तकावर रेघ ओढली म्हणून अपराधी वाटून ती खोडली.

पॅड पाक तार्जोंनी बाजारातून आणले. पहिल्या दिवशी आणले ते दुसऱ्याच गाडीचे निघाले. चेहऱ्यामोहऱ्याने सारखे होते, फक्त बसत नव्हते. दुसऱ्या दिवशी आणले ते बरोबर होते. राहिले बोल्ट खोलायचे पाने.

पाने वाडीच्या सामायिक पेटीत असतात. आणि इथे पाक दार्सोनो स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडले. सेक्रेटरी म्हणून वाडीने त्यांना नेमलं, तेव्हा पेटीतल्या वस्तू परत येत नाहीत ही तक्रार जुनी होती. त्यांनी वाचनालयाच्या शिस्तीत एक अर्ज तयार केला. तीन प्रती. वस्तूचं नाव, नेण्याचं कारण, परतीची तारीख, वस्तू परत करताना ‘कामाचा निष्कर्ष’, आणि खाली सेक्रेटरी व वाडीप्रमुख अशा दोघांच्या सह्या. तेव्हापासून पेटीतली एकही वस्तू हरवली नव्हती, कारण कोणी नेलीच नव्हती. पहिला अर्ज आता त्यांचाच होता. अर्जदार म्हणून त्यांनी सही केली, सेक्रेटरी म्हणून स्वतःचा अर्ज तपासला, ‘कारण’ या रकान्यातलं अक्षर गिचमीड वाटलं म्हणून स्वतःलाच परत पाठवला, पुन्हा लिहिला, आणि शिक्का मारून वाडीप्रमुखांकडे गेले.

वाडीप्रमुख पाक गुनादी. तीस वर्षं याच रस्त्यावर त्यांनी बस चालवली. देह भारदस्त, आवाज बसच्या हॉर्नसारखा, पण बोलणं लोण्यासारखं. त्यांनी अर्ज डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

“ब्रेक. पुढचा.”

“हो.”

“स्वतः.”

“हो.”

“एकटे कसे करणार? आम्ही काय मेलो?”

आमच्याकडे हा प्रश्न नसतो. ती सूचना असते. शेजाऱ्याने घराचं छप्पर बदललं किंवा विहीर उपसली तर वाडी जाते, आणि कोणी एकट्याने काम उरकलं तर त्याचं काहीतरी बिनसलं आहे असं समजतात. पाक दार्सोनोंना म्हणायचं होतं, नको, मला एकट्याला, पुस्तक उघडं ठेवून, हळूहळू करायचं आहे. ते म्हणाले, “फार उपकार होतील.”

शनिवारी दुपारी दोन वाजता त्यांच्या अंगणात एका चाकाभोवती अकरा माणसं बसली होती.

अकरा माणसं आली म्हणजे अकरा पेले गोड चहा आला, आणि नुसता चहा कोणासमोर ठेवत नाहीत. बू सुलास्त्रींनी कढई चढवली. टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, पातळ काप पिठात बुडवून तळायचे, हिरवी मिरची बाजूला ठेवायची. शिवाय उकडलेल्या शेंगांचं टोपलं. बू यात्मी मदतीला आल्या त्या कुंपणावरूनच.

पाविरो आजोबांनी आधी वार काढला. आजोबा ऐंशीचे, आणि हिशेब बोटांच्या पेरांवर. “शनिवारचे नऊ, आणि पाच बाजारवारांतल्या पोनचे सात. बेरीज सोळा. सोळा बांधायला चांगला. उघडायला मध्यम.”

“आजोबा, उघडल्याशिवाय बांधणार कसं?” पाक तार्जो म्हणाले.

“म्हणून तर म्हणतो, पटकन उघडा आणि बराच वेळ बांधा.”

पाक दार्सोनोंनी पुस्तक विटेवर टेकवून उघडलं. त्यावर पाक गुनादींनी चहाचा पेला ठेवला. एवढ्या मोठ्या माणसाचा पेला उचलून बाजूला कसा ठेवायचा? त्यामुळे तिथून पुढचं काम पेल्याबाहेर राहिलेल्या अर्ध्या पानावरून झालं.

पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट निघाले. जुने पॅड ज्या खिळ्यात ओवलेले असतात तो खिळाही निघाला. काम ठीक चाललं होतं, आणि पाक दार्सोनोंच्या मनात एक छोटी, लाजरी आशा उगवली. नेमकं तेव्हाच कोणीतरी, म्हणजे कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, हँडलवरचा ब्रेक ‘बघू बरं’ म्हणून दाबला. पॅड नसताना तो दाबायचा नसतो. कॅलिपरच्या आतला पिस्टन घुशीने बिळातून तोंड काढावं तसा बाहेर आला, आणि मागून ब्रेक ऑइलचा एक थेंब टपकला.

“आलं काहीतरी,” पाविरो आजोबा म्हणाले.

“ते आत पाहिजे,” पाक दार्सोनो कसेबसे म्हणाले. त्यांना तो उतार दिसला आणि मागची सीट दिसली.

पिस्टन आत ढकलायला अकरा जणांनी अकरा उपाय सांगितले. शेवटी बू सुलास्त्रींच्या भात वाढायच्या लाकडी पळीने काम झालं. पाक तार्जोंनी पळी आडवी लावली आणि दोघांनी रेटली. पिस्टन हळूहळू आत गेला, हँडलवरच्या डबीतून ब्रेक ऑइल उतू आलं आणि टाकीवर ओघळलं. तिथला रंग लगेच सुरकुतला. पळीलाही तडा गेला. बू सुलास्त्रींनी दोन्हीकडे पाहिलं. मग त्यांनी पुढचा घाणा सोडला.

मग खिळा हरवला. शेंगांच्या टरफलांत गेला असणार असं ठरलं, आणि वाडीतले अकरा प्रतिष्ठित नागरिक पाव तास टरफलं चाळत बसले. चाळता चाळता राहिलेल्या शेंगाही खाऊन झाल्या. खिळा पाविरो आजोबांच्या चपलेखाली सापडला. आजोबा म्हणाले, त्यांना मघापासून काहीतरी टोचत होतं, पण यजमानाच्या अंगणाला नावं कशी ठेवायची.

आणि आता ती गोष्ट घडली.

पाक दार्सोनोंनी नवे पॅड पुडीतून काढले. दोन बोटांनी, कडेला धरून, बाळाचे दुधाचे दात धरावेत तसे. ते बसवणार तोच पाक गुनादींनी हात पुढे केला. “बघू.”

वाडीप्रमुखांनी बघू म्हटल्यावर देतात. पाक गुनादींच्या उजव्या हातात टेंपेचा पाचवा काप नुकताच संपला होता. बोटं चकाकत होती. त्यांनी पॅड उलटा केला आणि त्याच्या घासणाऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. वरून खाली, मग खालून वर. पारखी माणूस कापडावरून फिरवतो तसा.

“माल चांगला आहे,” ते म्हणाले, आणि पॅड पाविरो आजोबांकडे दिला.

आजोबांनी अंगठा फिरवला. पाक तार्जोंनी फिरवला. पॅड असा हातोहात गोल फिरला, दुसरा त्याच्या मागून फिरला, आणि अंगणात एकही अंगठा असा नव्हता ज्याला टेंपेचं तेल लागलं नव्हतं. पाक दार्सोनोंच्या डोळ्यांसमोर लाल चौकट उभी राहिली. वर पेला असला तरी ती त्यांना पाठ होती.

त्यांनी मनात वाक्य जुळवायला घेतलं. ‘पाक गुनादी, तेल लागलं.’ छे, हे तर पोलिसाने बोलल्यासारखं झालं. ‘पाक गुनादी, माफ करा, आपल्या बोटांना कदाचित...’ यात ‘आपल्या बोटांना’ टोचतं. शिवाय भजी कोणी तळली? म्हणजे दोष घरच्या बाईवर. ‘माझंच चुकलं, मी आधी सांगायला हवं होतं की पॅड नावाच्या वस्तूला...’ हे बरं होतं. हे वाक्य त्यांनी शेवटपर्यंत मनात नेलं, दोन ठिकाणी आणखी नम्र केलं, आणि तोंड उघडलं, तेव्हा पाक तार्जो दुसरा बोल्ट आवळून उठत होते.

“झालं,” पाक तार्जो म्हणाले.

“फार उपकार झाले,” पाक दार्सोनो म्हणाले.

हँडलवरचा ब्रेक पंधरावीस वेळा दाबल्यावर तो कडक झाला. सगळ्यांचे चेहरे उजळले. मग पाक गुनादींनी ब्रेक दाबून धरला आणि चौघांनी गाडी मागून ढकलली. गाडी थांबायला हवी होती. ती वीतभर सरकली.

पाविरो आजोबांनी आभाळाकडे पाहिलं. कोणीतरी चपलेतला खडा काढला.

“नवं आहे,” पाक गुनादी म्हणाले. “बसेल.”

“हो हो, बसेल,” दहा जण म्हणाले.

“बसेल,” पाक दार्सोनो म्हणाले.

पाविरो आजोबांनी प्रवास सुखाचा व्हावा म्हणून छोटी प्रार्थना म्हटली. जरा लांबलीच. पाने पुसून पेटीत गेले, पेटीला कुलूप लागलं, किल्ली पाक गुनादींच्या खिशात गेली. अर्जावरचा ‘कामाचा निष्कर्ष’ हा रकाना भरायचा राहिला होता. अकरा जण बघत असताना पाक दार्सोनोंनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : समाधानकारक. खाली अकरा जणांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. अर्जाच्या तिन्ही प्रतींवर अकरा अंगठ्यांचे तेलकट डाग पडले, त्यांतून मागचा कागद दिसत होता.

आता पान्यांसाठी दुसरा अर्ज करायचा तर कारणाच्या रकान्यात काय लिहिणार? ‘वाडीप्रमुखांच्या अंगठ्यामुळे’?

ती रात्र त्यांनी या कुशीवरून त्या कुशीवर होत काढली आणि मनातल्या मनात सातही वळणं उतरले. प्रत्येक वेळी तिसऱ्या वळणावर मागची सीट रिकामी व्हायची. पहाटे ते उठले आणि ओल्या फडक्याने बाहेरून डिस्क पुसली. डिस्क स्वच्छ झाली. पॅड आत होते, तेल पॅडमध्ये होतं, आणि त्यांना बाहेर काढणारे पाने कुलपात होते. बायकोला सांगावं का? पण सांगितलं तर ती म्हणणार, मग काल का नाही बोललात. तेलकट ब्रेकपेक्षा त्यांना या प्रश्नाचीच भीती वाटत होती, आणि हे स्वतःशी कबूल करताना त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

सात वाजता बू सुलास्त्री तयार होऊन आल्या. जांभळा कबाया, अंबाड्यात मोगरा, हातात आहेराचा डबा. पाक दार्सोनोंनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि ती इतकी छान दिसतेय हे नेमकं आजच का दिसावं, असं त्यांना वाटलं.

फाटक उघडलं तर बाहेर अकरा माणसं.

“निरोप द्यायला आलो,” पाक गुनादी म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. पाक तार्जोंनी हात पाठीमागे धरले होते. खरं तर ते या वेळी बाजारात असायचे. बू यात्मीही कुंपण सोडून प्रथमच समोरच्या रस्त्याने आल्या होत्या, थंडी नसताना शाल घट्ट लपेटून. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे पुढच्या चाकाकडे बघत होते.

“सावकाश जा,” पाविरो आजोबा म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “अगदी सावकाश.”

पाक दार्सोनो गाडीवर बसले. बू सुलास्त्री मागे बसल्या, पाय एका बाजूला. त्यांचा हात पाक दार्सोनोंच्या कमरेभोवती आला. हाताचं वजन ते किती, पण ते आलं आणि पाक दार्सोनोंच्या मनात काल संध्याकाळपासून रचून ठेवलेली सगळी नम्र वाक्यं एकाएकी नाहीशी झाली. त्यांनी शोधलं. एकही सापडलं नाही.

“मी हिला घेऊन जाणार नाही,” ते म्हणाले. आवाज मोठा निघाला. “पॅडला तेल लागलंय. काल. टेंपेचं. पाक गुनादी, तुमच्या अंगठ्याचं पहिल्यांदा. मग सगळ्यांच्या. मी बघितलं आणि बोललो नाही. ब्रेक धरणार नाही.”

झालं. बत्तीस वर्षांत वाचनालयात बोलले नसतील एवढं ते एका दमात बोलले होते, आणि तेही वाडीप्रमुखांना, चारचौघांत, बोट दाखवून. बोट खरंच दाखवलं होतं. ते त्यांनी हळूच खाली घेतलं. आता आपल्याला हे गाव सोडावं लागेल, असं त्यांना वाटलं. पुस्तकांची खोकी कोणत्या गाडीत मावतील याचाही विचार मनात आला.

पाक गुनादींनी खिशात हात घातला आणि पेटीची किल्ली काढली.

“मला काल संध्याकाळी कळलं,” ते म्हणाले. “घरी गेलो तर बायको म्हणाली, दाराच्या कडीला तेल कुठून लागलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रात्रभर पडून होतो. पण तुम्ही ‘समाधानकारक’ लिहिलं होतं. एवढा शिकलेला माणूस लिहितोय, त्याला खोटं कसं पाडायचं?”

“तुम्ही तीस वर्षं बस चालवलीत,” पाक दार्सोनो म्हणाले. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार.”

“मी ब्रेक दाबायचो. तो का लागतो ते आमचा मेकॅनिक बघायचा. तीस वर्षांत मी चाकाखाली कधी वाकलो नाही, पाक.” हे सांगताना त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

पाक तार्जोंनी पाठीमागचे हात पुढे आणले. एका हातात पॉलिश पेपर होता, दुसऱ्या हातात पॅडची नवी पुडी. “काल जास्तीची आणली होती. देऊ की नको, देऊ की नको...” बू यात्मींच्या शालीतून कपडे धुवायच्या पावडरीचं पाकीट निघालं आणि एक ब्रश. पाविरो आजोबांकडे काही नव्हतं. ते म्हणाले, त्यांनी प्रार्थना मुद्दाम लांबवली होती, तेवढ्यात कोणीतरी बोलेल म्हणून.

“म्हणजे सगळ्यांना माहीत होतं,” पाक दार्सोनो म्हणाले.

पाक गुनादी पेटी आणायला गेले.

बू सुलास्त्री सीटवरून उतरल्या, कबायाच्या बाह्या दुमडल्या आणि फाटकात उभ्या राहिल्या. “चाकाजवळ फक्त हे बसतील,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांनी रस्त्याच्या पलीकडे. चहा आज कोणाला मिळणार नाही.”

हे फार कठोर होतं, पण कोणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही. दहा माणसं रस्त्यापलीकडे ओळीने उकिडवी बसली. पाक गुनादींनी तेवढा पुस्तक धरायचा मान मागून घेतला, आणि दोन्ही हात सदऱ्याला पुसून ते उघडं धरलं. पाक दार्सोनोंनी पावडरीने हात धुतले, डिस्क घासली, नवे पॅड कडेला धरून बसवले. या वेळी कोणी ‘बघू’ म्हटलं नाही. पुन्हा चौघांनी ढकलून पाहिलं. गाडी जागची हलली नाही, उलट मागून ढकलणारे पाक तार्जो पुढे आपटले.

साडेआठला ते निघाले. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही ब्रेकवर हात-पाय ठेवून. एक म्हातारी पाठीवर गवताचा भारा घेऊन त्यांच्या पुढे गेली. पहिलं वळण आलं तसा पाक दार्सोनोंनी पुढचा ब्रेक आवळला, आणि गाडी थांबली. अगदी थांबली. गरज नव्हती, पण ते तसेच पाय टेकून उभे राहिले.

मागून बू सुलास्त्री म्हणाल्या, “धरतोय.”

“धरतोय,” पाक दार्सोनो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “तुलाही माहीत होतं?”

“तळले मी. तेल कुठे कुठे गेलं ते मला कळणार नाही?”

“मग बसलीस कशाला?”

“तुम्ही बोलता का, ते बघायचं होतं.”

पाक दार्सोनोंनी मान न वळवता विचारलं, “आणि नसतो बोललो तर?”

“या वळणापर्यंत वाट बघितली असती.”

“वळणाच्या अलीकडे की पलीकडे?”

“ते ब्रेकवर होतं,” बू सुलास्त्री म्हणाल्या, आणि कमरेभोवतीचा हात त्यांनी जरा आणखी आवळला.